मांडून ठेव म्हणालात, जाऊबाई

जाऊबाई,

काल तेरावा झाला. आज गोडाचं जेवण झालं, पाट उचलले गेले, आलेली माणसं आपापल्या गाड्यांनी परतली, आणि ओसरीवर बसून तुमची आठवण काढणाऱ्या बायकाही पांगल्या. सगळ्यांनी तुम्हाला अन्नपूर्णा म्हटलं. अहेव गेली, भाग्याची गेली, म्हटलं. मी मान हलवत होते. मान हलवायला काही लागत नाही.

आता दार लोटून टेबलाशी बसले आहे. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असं भटजी परवा म्हणाले. तुम्ही हा नियम कधी पाळल्याचं मला आठवत नाही. सासूबाई गेल्या त्या उन्हाळ्यात पापड लाटताना तुम्ही त्यांचं एकेक काढत होतात, आणि दर गोष्टीच्या शेवटी 'गेल्या बिचाऱ्या' म्हणून पोळपाटावर पीठ भुरभुरवत होतात. तेव्हा मीही आज सगळं सांगणार आहे. फक्त शेवटी बिचाऱ्या म्हणणार नाही.

हे कागद रंगूनला जातील. माझ्या यमूच्या मुलांना तुम्ही माहीत आहात त्या लोणच्याच्या बरण्यांवरून. दरवर्षी आगबोटीनं त्यांच्याकडे जाणाऱ्या बरणीवर कापड बांधताना तुम्ही वर शेंदराचं बोट लावत होतात, म्हणून ती तुम्हाला 'शेंदराची आजी' म्हणतात. तार पोचली तेव्हा ती रडली असतील. रडू देत. पण तुम्ही कोण होतात ते पुरतं कळल्यावर रडावं, अशी माझी इच्छा आहे. म्हणून क्रमानं सांगते. क्रम लावायची माझी खोड तुम्हाला कधी आवडली नाही. मी डब्यांना नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, 'डाळ काय वाचून शिजते?'

आधी तुमचा चांगुलपणा सांगते, म्हणजे तो लपवला असं नंतर कोणी म्हणायला नको.

मी देवासहून या घरात आले तेव्हा माझ्या पेटीत आप्पांनी दिलेली इंग्रजी पुस्तकं होती. आप्पा तिकडे मुलांना इंग्रजी शिकवायचे. मी मुलगी असून त्यांच्या वर्गाच्या दाराआड बसून शिकले. सासूबाईंनी पेटी उघडली आणि पुस्तकं न्हाणीच्या चुलीत घालायला सांगितलं. ती तुमच्या हातात दिली. तुम्ही गेलात, चुलीत गोवऱ्या सारल्याचा आवाज केलात, आणि पुस्तकं तुरीच्या रांजणात तळाशी पुरलीत. दुपारी सगळे आडवे झाले की मला खुणेनं कोठीत बोलवायचात. त्या पुस्तकांना अजून तुरीचा वास येतो. यमूला देवी आल्या तेव्हा उशाशी तुम्ही बसलात. मला शेजारच्या खोलीत कोंडून ठेवलंत, कारण माझ्या पोटात दुसरं होतं. तिच्या तोंडावर व्रण राहिला नाही तो तुमच्यामुळे. ती जगली तीही तुमच्यामुळे.

हे सगळं खरं आहे. आणि हेच मला सोसत नाही. मुळातच दुष्ट असलेल्या बाईवर राग धरणं सोपं असतं.

देवासला एका गावात दोन राज्यं आहेत, थोरली पाती आणि धाकटी पाती. मधून रस्ता जातो. मी आले त्याच आठवड्यात तुम्ही म्हणाला होतात, 'इथंही तसंच समज. थोरली पाती मी, धाकटी तू. रस्ता ओलांडलास तर जकात पडेल.' मी हसले होते. जकात केवढी पडणार ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

छप्पन सालचा दुष्काळ यमूच्या मुलांना ठाऊक नसेल. संवत छप्पनचा, म्हणून इकडे त्याला छप्पनिया म्हणतात. माळव्याला अन्नाची ददात नाही असं आपण समजत होतो. त्या वर्षी ते समजणं संपलं. आपल्या धारच्या वेशीबाहेर छपरं घातली होती, आणि आईबाप वाटेत गेलेली मुलं त्यांत जमा व्हायची. मग दरबारातून सांगणं आलं, की ज्याच्या घरी खाऊनपिऊन बरं आहे त्यानं एकेक मूल घरी न्यावं. दत्तक नाही, चाकरीलाही नाही. सांभाळायला. मोठं होऊन पायावर उभं राहीपर्यंत. न जमलं तर परत आणून द्यावं.

आपल्या घरी केसर आली. पाचेक वर्षांची असेल. पोट पुढे, हातपाय काटक्या, आणि डोळे सतत कोणाच्या तरी हाताकडे. ह्यांनी तिला ओसरीवर उभं केलं आणि नाव सांगितलं. तुम्ही तिला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, 'केसर राजवाड्यात असते. ही छपनी.'

तेव्हापासून ती छपनी. आळीतल्या बायकाही तेच म्हणू लागल्या. मागच्या ओसरीवर तिचं अंथरूण, वेगळी थाळी, आणि तुमची एक अट, जी तुम्ही ह्यांच्यासमोर भावजींच्या तोंडून वदवून घेतलीत: घरात नीट वागेल तोवर राहील, एक आगळीक झाली की गेली. छपरात परत गेलेल्या मुलांचं काय व्हायचं ते आपल्या दोघींना ठाऊक होतं. ज्याला हात हवेत तो येऊन घेऊन जायचा. गुरांमागे, घाण्यामागे, कुठंही. केसरलाही ठाऊक होतं. म्हणून ती या घरात चवड्यांवर चालायची.

पहिल्या वैशाखात आपली मुलं मामाकडे निघाली. आळीतल्या सगळ्याच घरांपुढे गाड्या जुंपलेल्या, पोरं आत कोंबलेली, बायका शिदोऱ्या देत आहेत. केसर खांबाला धरून बघत होती. गाड्या गेल्यावर तिनं मला तिच्या माळवीत विचारलं, "काकी, म्हारो मामा-घर कां हे?" माझं आजोळ कुठं आहे, म्हणून.

मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पण दुसऱ्या दुपारी मी मागची ओसरी झाडून घेतली, मुंज तलावातून मातीची पाटी आणवली, आणि आळीतल्या इतर घरी सांभाळायला दिलेली मुलंही बोलावली. त्यांनाही उन्हाळ्यात जायला कुठं नव्हतं. इतर पोरं गेली की त्यांच्या वाटची कामंही यांच्याच अंगावर पडायची. आम्ही मातीचे बैल केले. होळीच्या सुमाराला वेचून वाळवलेली पळसाची फुलं उकळून पिवळा रंग काढला आणि जुन्या धोतराचे तुकडे त्यात बुडवले. खिरणीच्या बियांच्या माळा, ताडाच्या पानांचे पंखे, चिंध्यांच्या बाहुल्या. पहिले काही दिवस ती मुलं काही करून झालं की माझ्याकडे बघायची, आता मारणार का म्हणून. नंतर बघेनाशी झाली. केसरनं मला विचारलं, याला काय म्हणायचं. मी म्हटलं, आजोळ. दुपारचं आजोळ.

तुम्ही त्याला धाकटीचं चिखल-कॉलेज म्हणत होतात. 'चिखलच कालवायचा होता तर इंग्रजी कशाला शिकलीस?' मी म्हटलं, इंग्रजी पुस्तकातच वाचलं की लहान मुलाचं शिक्षण हातांपासून सुरू होतं. तुम्ही म्हणालात, 'आमच्या कुंभाराला सांगते, तू मोठा विद्वान आहेस.' आळी हसली. मीही हसले. तुमच्यासारखं बोलणं कोणाला यायचं नाही.

एकदा मात्र तुम्ही चेष्टेत नाही, खरंच भांडलात. सुपात तांदूळ होते. 'मुलांना कामाला लावावं, खेळायला नाही,' म्हणालात. 'उद्या यांना कोण पोसणार आहे? मातीचे बैल नांगराला जुंपता येतात?' तुमचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. उत्तर फार उशिरा सुचलं, आणि तुम्हाला द्यायचं राहिलं. आता घ्या. आजोळात कोणतंही पोर उपयोगाचं असावं लागत नाही. म्हणून तर ते आजोळ. तुम्ही स्वतः उज्जैनला मामांकडे जात होतात तेव्हा कोणाचा नांगर ओढत होतात?

पुढच्या चैत्रात गौरीच्या आराशीत ते बैल दिसले. गौर झोपाळ्यावर, खाली पायऱ्यांवर फळं, कलिंगडाची कमळं, बाहुल्या, आणि मधोमध केसरचे बैल. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाकून बघत होत्या. तुम्ही सांगितलंत, पुण्याहून मागवले. मी पन्ह्याचे पेले हातात घेऊन उभी होते. केसरनं दाराआडून ऐकलं. संध्याकाळी तिनं मला हळूच विचारलं, "म्हारा बैल पूना कदे ग्या था?" आपले बैल एवढा प्रवास करून परत आले याचा तिला इतका आनंद झाला होता की मला तो मोडवेना.

आता तो दिवस.

त्यानंतर दोनेक वर्षांनी दिवाणीणबाई अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे येणार होत्या. तुम्ही पहाटेपासून उठला होतात. आदल्या संध्याकाळी गौरीची खोली सारवून झाली होती. कैऱ्या किसायच्या, डाळ वाटायची, वेलदोडे कुटायचे, आणि मी आत स्वयंपाकघरात गुंतलेली. न्हायला जाता जाता तुम्ही केसरला हाक मारलीत. मी ती हाक ऐकली, आजही ऐकू येते.

"छपने, मी न्हाऊन येते तोवर गौरीपुढं सगळं मांडून ठेव."

टोपल्या कोपऱ्यात भरलेल्या होत्या. त्यांतली चित्रं, बैल, बाहुल्या, फळं पायऱ्यांवर लावायची, एवढंच तुमचं म्हणणं. आपल्या भाषेत मांडणं म्हणजे तेच. पण केसर माळव्याची. तिच्या आईच्या घरी मांडणं म्हणजे सारवलेल्या जमिनीवर गेरूचा हात फिरवून वर खडीच्या पांढऱ्या पाण्यानं चौक काढणं. सणाच्या दिवशी हे काम घरातली बाई घरातल्या मुलीला सांगते. परक्या पोरीला नाही. तिला वाटलं, आज या घरानं आपल्याला घरातली म्हटलं.

तुम्ही न्हाऊन आलात, केस पंच्यात गुंडाळलेले. टोपल्या तशाच होत्या. गौरीच्या झोपाळ्यापासून उंबऱ्यापर्यंत लाल जमीन, आणि तिच्यावर पांढरं काढलेलं. मधला चौक माळव्याचा होता, पण कोपऱ्यांत तिनं आपल्या चैत्रांगणातली चित्रं घातली होती: कासव, चंद्र-सूर्य, तुळशी वृंदावन, आणि कैरी. माझ्याजवळ दगडी पाटीवर शिकली होती. बोटाला कापसाची वात धरून ती शेवटची रेघ ओढत होती. तोंडावर खडी उडालेली. मी दारात आले तेव्हा ती वर बघून हसली, तुमच्याकडे बघून.

"हे काय केलंस?"

"तमने कियो थो नी, मांडी दे." तुम्हीच सांगितलं ना, मांडून दे म्हणून.

तुम्हाला ते उलट उत्तर वाटलं. पाण्यानं भरलेली पितळी बादली न्हाणीच्या दाराशी होती. मी पुढे येईपर्यंत तुम्ही ती उचलून ओतली होती. सारवणाचा, गेरूचा आणि खडीचा चिखल उंबऱ्यावरून वाहत अंगणात आला, आणि तेवढ्यात फाटकाशी दिवाणीणबाईंची गाडी थांबली. त्या आत आल्या तेव्हा केसर गुडघ्यांवर बसून फडक्यानं चिखल भरत होती, तुम्ही म्हणत होतात की छपनीनं गौरीची जागा विटाळली, आणि आरास अजून टोपल्यांत.

त्यांनी मला विचारलं, झालं काय. मी सांगितलं: मराठीत मांडणं काय, माळवीत काय. त्या मूळच्या इंदूरच्या. त्यांना क्षणात कळलं आणि हसू फुटलं. 'अहो, मग मुलीनं सांगितलेलंच केलं की. आणि केवढं काढलं होतं हो, उंबऱ्यापर्यंत.' बाकीच्या बायकाही हसल्या. कोणाला कुचकेपणा करायचा नव्हता. पण या घरात बायकांना हसवायचं काम तुमचं होतं, आणि त्या दिवशी त्या तुम्हाला हसल्या.

तुम्ही डाळ वाटलीत, पन्हं दिलंत, ओट्या भरल्यात. मला वाटलं, निभावलं.

त्याच वैशाखात पुढे मी मुलांना घेऊन देवासला निघाले, तेव्हा केसरलाही न्यायचं ठरवलं होतं. तुम्ही मधासारख्या आवाजात म्हणालात, 'राहू दे तिला. मी आहे ना.' इतक्या वर्षांत तुम्ही केसरविषयी बोललेलं ते पहिलं गोड वाक्य. मी विश्वास ठेवला, कारण माझी पुस्तकं तुम्ही रांजणात लपवली होती. तुरीच्या त्या वासानं माझा घात केला.

परत आले तेव्हा मागच्या ओसरीवर अंथरूण नव्हतं. तुम्ही अंगणात कुरडया उलटत होतात. मी विचारलं, केसर कुठं आहे.

"आजोळी पाठवली," तुम्ही म्हणालात. वर बघितलं नाहीत.

गंधवानीकडचा कोणी आला होता, त्याला वासरांमागे पोर हवी होती. नाव विचारलं तर आठवत नाही म्हणालात. तुम्हाला लग्नातल्या रुखवतातले लाडू मोजून आठवत, आणि माणसाचं नाव आठवेना. भावजींनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. ह्यांनी मला रात्रीच्या जेवणानंतर एवढंच सांगितलं, की कचेरीतला म्हातारा शिपाई गाडी घेऊन येईल, आणि 'मला विचारून गेलीस असं दादांना सांगू नकोस. न विचारता गेलीस असंही सांगू नकोस.' तेवढं त्यांचं शौर्य. मी ते घेतलं.

पाऊस लागायच्या आत गाठायचं होतं. एकदा नाले भरले की त्या बाजूची वाट दिवाळीपर्यंत बंद. वाडीवाडीला गाडी थांबवायची, शिपायानं विचारायचं, धारहून आलेली मुलगी कोणाकडे आहे का. बरेच नाही म्हणत, काही दार लावून घेत. मग गंधवानीच्या पुढे एका घराच्या अंगणात मला दुरून जमिनीवर पांढरं दिसलं. जवळ जाऊन बघते तर कासव आणि कैरी. त्या मुलखात चैत्रांगण कोण काढणार? तुम्ही जे पुसलंत, त्यावरूनच ती मला सापडली.

ती गोठ्यातून बाहेर आली. धावत नाही, चवड्यांवर. माझ्याजवळ येऊन तिनं मागे घराकडे बघितलं आणि हळू विचारलं, "काकी, ये म्हारा मामा हे के नी?"

जाऊबाई, टोमणा तुम्ही मला मारलात असं मी समजत होते. तिथं मला कळलं की तुम्ही तिलाही तेच सांगितलं होतं. गाडीत बसवताना म्हणाला होतात, तुझं आजोळ सापडलं, मामा न्यायला आला आहे. ती हसत गाडीत बसली. तिथं जाऊन त्या माणसाला मामा म्हणाली, म्हणून मार खाल्ला. आणि तरी अंगणात मांडलं, की आजोळच्या माणसांना बरं वाटावं. ती मला विचारत होती, हे माझे मामा आहेत की नाहीत, कारण ते नाही म्हणतात, आणि मोठी काकी तर हो म्हणाली होती.

लोक मला सांगतात, त्यांना मूल नव्हतं, बाईचं मन कुठंतरी दुखतं. मी ऐकून घेते. मूल नसणाऱ्या बायका या आळीत आणखीही आहेत. त्यांनी कोणा पोराला खोटा मामा दिला नाही.

मी केसरला या घरात परत आणली नाही. सरळ देवासला नेली, आप्पांजवळ. आप्पांनी तिला शिकवलं, जसं मला शिकवलं होतं. फक्त दाराआडून नाही. मी दर उन्हाळ्यात टेकडीखाली आप्पांच्या परसात दुपारचं आजोळ मांडलं. दोन्ही पात्यांतली, सांभाळायला दिलेली पोरं एकाच चिखलात हात घालून बसायची, आणि जकात कोणी मागत नसे. तुम्हाला सगळं कळत होतं. देवासहून येणारा प्रत्येक माणूस तुमच्या ओसरीवर बसून जात होता. तुम्ही त्यांना पावसाचं विचारलंत, आंब्याचं विचारलंत. तिचं एकदाही नाही.

मी वाट बघत होते, हे तुम्हाला सांगते. माफी मागाल याची नाही. माफी तुमच्या तोंडात बसली नसती. एका प्रश्नाची. ती कशी आहे, एवढाच. त्याच्या उत्तरादाखल मी काय काय साठवून ठेवलं होतं. ती मुलींच्या शाळेत धाकट्या वर्गाला शिकवते. तिचा नवरा छापखान्यात आहे, तिचं अक्षर बघून त्यानं मागणी घातली. तिला मुलगी आहे. प्रश्न आला नाही, तेव्हा मी दुसरं ठरवलं. या चैत्रात तिला हळदीकुंकवाला बोलवायचं, सगळ्या आळीसमोर, गाडीनं, जरीचं लुगडं नेसवून. आणि तुमच्या हातानं तिची ओटी भरवायची. दिवाणीणबाईंनाही निरोप धाडला होता. मी लुगडं आणून ठेवलं होतं, जाऊबाई. आणि तुम्ही माघातच गेलात. तेवढीही सोय माझी ठेवली नाहीत.

आजारपणात तुमची उस्तवार मी केली. बायका म्हणाल्या, जावा असाव्यात तर अशा. मी तुमच्या उशाशी बसून त्या प्रश्नाची वाट बघत होते. तुम्ही म्हणत होतात, पेजेत मीठ कमी आहे. ते कमी नव्हतं. शेवटच्या दुपारी तुम्हाला ग्लानी होती. डोळे मिटलेले, आणि एकदम तुमचा जुना आवाज आला, न्हायला जाता जाता हाक मारावी तसा:

"मांडून ठेव गं सगळं. येणाऱ्या येतील."

कोणाला म्हणालात? मला, सासूबाईंना, तिला? भावजी म्हणतात, गौर डोळ्यांपुढे आली, पुण्यवान. मी तसं म्हणणार नाही. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते तुम्ही नेलंत. त्याचा अर्थ काय लावायचा ते मात्र आता माझ्या हातात आहे, आणि माझं भाषांतर चांगलं आहे.

मी देवासला तार केली. काल संध्याकाळी केसर आली, मुलीला घेऊन. पोरगी गाडीतून उतरली आणि थेट मागच्या ओसरीवर गेली. कोणी विचारलं तर म्हणते, मी आजोळी आले. तिला तसं शिकवलं कोणी नाही. तिच्या आईचं घर ते तिचं आजोळ. मग हे घर कोणाचं ते तुम्हीच बघा.

सुतकात दारात रांगोळी नव्हती. आज गोडाचं म्हणून पहिली घालायची. गौरीची तीच खोली, जिथं तुमचं अंथरूण शेवटी होतं. सारवून ठेवली होती. मी केसरला म्हटलं, 'मोठी काकी जाताना सांगून गेली आहे, मांड.' ती म्हणाली, 'काकी, आधी बादली कुठं आहे ते बघून घेते.' आम्ही दोघी इतक्या हसलो की आतून सूनबाई बघायला आली, सुतकाच्या घरात झालं काय म्हणून.

तिच्या मनात राग नाही. मला विचारत होती, मोठ्या काकीला शेवटी फार दुखलं का. तो तिचा स्वभाव. मी तिला अडवलं नाही, आणि तिनं मला सुधारायचा प्रयत्न केला नाही.

झोपाळ्याच्या कड्यांपासून उंबऱ्यापर्यंत तिनं मांडलं. चौक, कासव, चंद्र-सूर्य, कैरी. पोरीनं शेजारी बसून कासवाला शेपूट जास्त लांब काढलं. ते तसंच ठेवलं आहे. जेवायला आलेल्या बायका दारात थांबून विचारत होत्या, कोणी काढलं, आणि मी प्रत्येकीला नाव सांगितलं. केसर. पूर्ण नाव, नवऱ्याच्या आडनावासकट. एकीनं आठवून विचारलं, 'म्हणजे ती छपनी?' मी म्हटलं, या घरात त्या नावाचं कोणी नाही. ज्या म्हणत होत्या त्या गेल्या.

भावजी आत आले. उंबऱ्याशी थबकले. खाली बघितलं. "हे इथं कोणी मांडायला सांगितलं?" त्यांनी विचारलं.

केसरचं मराठी आता माझ्यापेक्षा शुद्ध आहे. पण तिनं पदर सावरला आणि माळवीत उत्तर दिलं. "मोठी काकी ए कियो थो."

भावजींनी ते ओलांडलं नाही. भिंतीच्या कडेकडेनं, चवड्यांवर, पलीकडे गेले.

एवढंच सांगायचं होतं. या चैत्रात गौर याच खोलीत बसेल, आणि लुगडं फुकट जाणार नाही. ओटी मी भरीन.

आणि ती पितळी बादली. बाराव्याला तुमच्या नावानं दानं दिली, छत्री, जोडा, पलंगपोस, तांब्या. तेव्हा मी तीही घासून लखलखीत करून भटजींच्या पुढ्यात ठेवली. दिलेलं सगळं गेलेल्या माणसाला पोचतं, असं तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हा बादली आता तुमच्याजवळ आहे. तिकडे काय पुसायचं ते पुसा. इथलं मांडणं वाळलं आहे.